गोठलेले आकडे

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारपत्रकात, कपातींच्या रकान्यात एक छोटी ओळ असते: व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत हीच रक्कम ३०० होते, म्हणजे वर्षाचे २,५०० पुरे होतात. प्राप्तिकर आणि भविष्य निर्वाह निधीच्या मोठ्या आकड्यांशेजारी या ओळीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. पण तिच्यामागे एक मोठा करार आहे. दुष्काळात खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्या मजुराच्या मजुरीसाठी शहरातल्या पगारदाराने आणि व्यापाऱ्याने वाटा उचलायचा, या हेतूने १९७५ साली राज्यात हा कर आला. गरिबांसाठीच्या एखाद्या योजनेला स्वतःचा कर मिळावा, असं आपल्या देशात क्वचितच घडलं आहे.

सरकार गरिबांवर किती खर्च करतं, हा प्रश्न आपण अर्थसंकल्पाच्या दिवशी विचारतो आणि ‘इतके हजार कोटी’ हे उत्तर ऐकून थांबतो. पण त्या कोटींतून निराधार म्हातारीच्या हातात दरमहा काय पडतं, हे ठरवणारे आकडे वेगळेच असतात. पेन्शनची रक्कम, उत्पन्नाची मर्यादा, लाभार्थ्यांचा कोटा, कराची कमाल पातळी हे आकडे एकदा कायद्यात किंवा शासन निर्णयात लिहिले जातात आणि पुढे वर्षानुवर्षं तसेच राहतात. दरम्यान महागाई वाढते, लोकसंख्या वाढते. गरिबांच्या पैशात कपात करायची तर सरकारला काहीच करावं लागत नाही. आकडा आहे तिथेच ठेवला की काम होतं. या कपातीवर सभागृहात चर्चा होत नाही, मोर्चा निघत नाही, कुणाची सहीही लागत नाही.

ही गोष्ट समजून घ्यायला महाराष्ट्रासारखं उदाहरण नाही, कारण आकड्यांना कायद्याचं बळ कसं द्यायचं हे आधी या राज्यानेच देशाला दाखवलं.

मागेल त्याला काम

वि. स. पागे हे सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याचे. १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते विधान परिषदेचे सभापती होते. खेड्यात अंगमेहनत करायला तयार असलेल्या माणसाला काम मिळणं हा त्याचा हक्क असला पाहिजे, हा विचार त्यांनी मांडला आणि १९६५ च्या सुमारास आपल्याच तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथही त्याच दिशेने जात होते. भारतातल्या दारिद्र्यावरच्या १९७१ च्या त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की ज्यांच्याकडे जमीन नाही आणि हातांना पुरेसं काम नाही त्यांच्यासाठी सरकारने कामं काढावीत आणि त्याचा भार सधन वर्गाने उचलावा.

मग १९७२ चा दुष्काळ आला. त्या दोन वर्षांत खाल्लेली सुकडी आणि मिलो ज्वारी मराठवाड्यातल्या, सोलापूर-नगरकडच्या घरांत अजून विसरली गेलेली नाही. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. ती कामं नसती तर काय झालं असतं, याची कल्पना करवत नाही. पण ती कामं जिल्हाधिकाऱ्याच्या हुकमाने निघत आणि हुकमानेच बंद होत. टंचाई जाहीर झाली तर काम, नाहीतर नाही.

पागेंच्या विचारातून आलेल्या रोजगार हमी योजनेने हे उलटं केलं. काम कधी निघावं, हे मजुराच्या मागणीवर ठरू लागलं. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ साली एकमताने मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. प्रौढ व्यक्तीने काम मागितलं की पंधरा दिवसांत ते द्यायचं. देता आलं नाही तर बेकारभत्ता द्यायचा. पैशासाठी व्यवसाय करासह इतर काही कर आणि अधिभार राखून ठेवले, आणि त्यांतून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची असं ठरलं.

याला शहरांनी मान्यता दिली, त्यामागे करुणेबरोबर हिशोबही होता. गावात काम मिळालं तर दुष्काळी लोंढे मुंबईच्या फुटपाथवर येणार नव्हते. बागायतदारांनाही ते सोयीचं होतं, कारण मजुरांच्या कष्टातून होणारे रस्ते आणि पाझर तलाव त्यांच्याही शेताच्या कामी येणार होते. प्रत्येकाचं काहीतरी त्यात गुंतलेलं होतं, म्हणून योजना टिकली. १९९० मध्ये तिला फळबाग लागवडीची जोड मिळाली, आणि कोकणातल्या आंबा-काजूच्या कलमांपासून कोरडवाहू भागातल्या डाळिंब-बोरांपर्यंत महाराष्ट्राच्या शेतीचं रूप बदलण्यात तिचा मोठा वाटा राहिला.

हक्काचा कागद

ही हमी प्रत्यक्षात एका कागदावर उभी असते. काम हवं असेल तर मजुराने ‘नमुना ४’ भरून ग्रामपंचायतीत द्यायचा आणि त्याची तारखेची पोचपावती घ्यायची. त्या तारखेपासून पंधरा दिवस मोजले जातात. बहुतेक गावांत मजूर तोंडी काम मागतो आणि ‘काम निघालं की सांगतो’ एवढंच त्याला ऐकायला मिळतं. पोचपावती नाही म्हणजे मागणीची नोंद नाही. नोंद नाही म्हणजे बेकारभत्ता नाही. आणि वर्षअखेरीस आकडेवारी सांगते की या तालुक्यात कामाला मागणीच नव्हती. अर्थसंकल्पात एक रुपयाही कमी न करता खर्च कमी होतो तो असा. म्हणूनच मजुरांच्या संघटना शिबिरांत सगळ्यात आधी नमुना ४ भरायला आणि पोच मागायला शिकवतात.

कामावरही तसंच. मजुरी नुसत्या हजेरीवर ठरत नाही, मोजमापावर ठरते. आठवडाभर एका गटाने खोदलेल्या चराला टेप लावायची, लांबी-रुंदी-खोली मोजायची, माती मऊ आहे की कठीण मुरूम हे पाहून दर लावायचा. तोच चर मऊ मातीचा धरला की मजुरी खाली येते, कठीण मुरमाचा धरला की वर जाते. उन्हात दिवसभर कुदळ चालवणाऱ्या बाईचा रोज शेवटी मोजमाप वहीतल्या एका शब्दावर ठरतो.

पैशाच्या बाजूचं गणितही हळूहळू बिघडत गेलं. १९८८ मध्ये राज्यात शेतमजुरांचं किमान वेतन दुप्पट झालं आणि हमीच्या कामांवरची मजुरी त्याबरोबर वाढली. खरं तर मजुरी वाढल्यावर काम मागणारे वाढायला हवेत. झालं उलटं, कामावरची संख्या घटली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थतज्ज्ञांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवलं की मजुरी वाढल्यानंतर कामांचं रेशनिंग सुरू झालं. कायदा तोच होता, हमी तीच होती, फक्त कामं पुरेशी निघेनात.

आणि व्यवसाय कर? राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात त्याची वरची मर्यादा वर्षाला २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. तेव्हापासून ती जागची हललेली नाही. आज महिना बारा हजार कमावणारा पुरुष कामगार आणि महिना पाच लाख कमावणारा अधिकारी हे दोघेही वर्षाला तेच २,५०० रुपये भरतात. (महिलांना २०२३ पासून २५ हजारांपर्यंतच्या पगारावर सूट आहे.) ज्या कराचा पाया ‘ज्याला परवडतं त्याने द्यावं’ हा होता, तो ऐपतीशी नातं तुटलेला कर बनला. पगार कित्येक पटींनी वाढले, गरिबाच्या नावाने घेतलेला वाटा मात्र १९८८ मध्येच थांबला.

दोनशे रुपये

गोठलेल्या आकड्याची सगळ्यात बोचरी गोष्ट वृद्धांच्या पेन्शनची आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम सुरू केला. निराधार वृद्धाला केंद्राकडून महिना ७५ रुपये मिळत. २००६ मध्ये ते २०० झाले. ६० ते ७९ वयाच्या वृद्धासाठी केंद्राचा वाटा आजही २०० रुपयेच आहे. ऐंशी पूर्ण झाली की ५००. विधवांना आणि दिव्यांगांना २०१२ पासून ३००. २००६ नंतर ग्रामीण भागातल्या किमती तिपटीच्या वर गेल्या आहेत. म्हणजे आजच्या २०० रुपयांची ताकद २००६ च्या साठ-पासष्ट रुपयांएवढी. १९९५ चे ७५ रुपयेही याहून जड होते.

याच केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याचा आणि निवृत्तिवेतनधारकाचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, किंमत निर्देशांक पाहून बदलतो. ते योग्यच आहे. महागाईने माणसाची मिळकत खाल्ली जाऊ नये, हे तत्त्व सरकारला पूर्ण मान्य आहे याचाच तो पुरावा आहे. मग हे तत्त्व ज्याच्याकडे दुसरं काहीच नाही त्याच्यापर्यंत का पोचत नाही? कारण एकाला संघटना आहे, वेतन आयोग आहे, न्यायालयात जाण्याची ऐपत आहे. दुसऱ्याकडे हयातीचा दाखला आहे.

पैसा नाही, हे उत्तर इथे टिकत नाही. केंद्राच्या वृद्ध पेन्शनचे लाभार्थी सुमारे २.२ कोटी आहेत. त्यांची रक्कम २०० वरून १,००० केली तर वर्षाला सुमारे २१ हजार कोटी जास्त लागतील. २०२५-२६ चा केंद्रीय अर्थसंकल्प ५० लाख कोटींच्या वर होता. म्हणजे शंभर रुपयांतले चाळीसेक पैसे. प्रत्यक्षात त्या वर्षी या संपूर्ण कार्यक्रमाला ९,६५२ कोटी मिळाले, आणि आदल्या वर्षीही तरतूद ९,६५२ कोटींचीच होती.

राज्यांनी ही पोकळी आपापल्या परीने भरली. महाराष्ट्रात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे, वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना आहे. त्यांची रक्कम पूर्वी ६०० होती, मग १,००० झाली, २०२३ मध्ये १,५००. सहाशे होते तेव्हा केंद्राचे दोनशे म्हणजे तिसरा हिस्सा होता. आज तो सातव्या हिश्शाहूनही कमी आहे. निर्णय एकही झाला नाही, पण केंद्राची जबाबदारी राज्याच्या अंगावर आली. श्रीमंत राज्यांना हे पेलतं. ज्या राज्यांत गरीब जास्त आणि तिजोरी लहान, तिथल्या म्हातारपणाच्या वाट्याला कमी येतं.

एकवीस हजारांचा दाखला

रक्कम वाढली तरी दारात दुसरा गोठलेला आकडा उभा असतो. निराधार आणि श्रावणबाळ योजनांसाठी सर्वसाधारण अर्जदाराच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. दहा वर्षांहून अधिक काळ ही मर्यादा बदललेली नाही. २१,००० म्हणजे दिवसाला ५७-५८ रुपये, तेही सगळ्या कुटुंबाचे मिळून.

ही मर्यादा सरकारच्याच दुसऱ्या योजनेशेजारी ठेवून पाहा. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात मनरेगाची, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमी कायद्याची, मजुरी रोज ३१२ रुपये होती. त्या कायद्याने कुटुंबाला वर्षात शंभर दिवस कामाचा हक्क दिला होता. शंभर दिवस काम झालं तर ३१,२०० रुपये. म्हणजे ज्या घरातल्या सुनेने कायद्याने दिलेलं काम पुरतं केलं, त्या घरातली सासू कागदावर निराधार राहत नाही. अडुसष्टाव्या दिवशीच मर्यादा ओलांडली जाते.

मग गावोगाव काय घडतं, हे तहसील कचेरीत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. उत्पन्नाच्या दाखल्यावर २१ हजारांच्या आतला आकडा येतो. तो खरा नाही हे अर्जदाराला माहीत असतं, तलाठ्याला माहीत असतं, दाखल्यावर सही करणाऱ्यालाही माहीत असतं. मदतीची खरोखर गरज असलेल्या बाईला सरकारनेच खोटं लिहून द्यायला भाग पाडलेलं असतं. आणि जिचा दाखला खोटा आहे, ती कधीच हक्काने बोलू शकत नाही. उद्या कुणी तक्रार केली तर नाव कापलं जाईल, ही भीती तिला गावातल्या पुढाऱ्याच्या, कचेरीतल्या दलालाच्या उपकाराखाली ठेवते. वास्तवाला न शोभणारा नियम गरिबाला मिंधं करतो.

इष्टांक

तिसरं उदाहरण रेशनचं. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरी भागातल्या ५० टक्के लोकांपर्यंत स्वस्त धान्याचा हक्क नेला. माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. केंद्राचा अन्न अनुदानावरचा खर्च वर्षाला दोन लाख कोटींच्या घरात जातो आणि जगातल्या सर्वांत मोठ्या अन्नयोजनांत त्याची गणना होते. करोनाच्या काळात या योजनेने किती घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या, हे आपण पाहिलं आहे.

पण टक्केवारीतून निघालेली माणसांची संख्या २०११ च्या जनगणनेवर मोजलेली आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे देशाचा आकडा ८१ कोटींवर आणि महाराष्ट्राचा सुमारे ७ कोटींवर थांबला. २०२० मध्येच ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि मेघना मुंगीकर यांनी हिशोब मांडला होता की लोकसंख्येच्या वाढीमुळे दहा कोटींहून अधिक माणसं रेशनबाहेर राहिली आहेत. पुरवठा शाखेच्या खिडकीवर याला एक ठरलेलं उत्तर आहे: इष्टांक शिल्लक नाही. कुटुंब पात्र आहे, कागद पूर्ण आहेत, पण तालुक्याचा कोटा भरलेला आहे. कुणाचं तरी नाव कमी झाल्याशिवाय यांचं नाव चढणार नाही. नुकतीच सासरी आलेली सून आणि घरात जन्मलेलं बाळ, दोघंही मग एखाद्या मयताचं नाव कमी होण्याची वाट पाहत राहतात.

मोठा आकडा पुरेसा नाही

खर्च मोठा असला की सुरक्षा पक्की, असं मानता येत नाही, हे अलीकडे आपण जवळून पाहतो आहोत. जून २०२४ मध्ये राज्याने ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना आणली. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या महिलेला दरमहा १,५०० रुपये. सुरुवातीला वर्षाला ४६ हजार कोटींचा अंदाज होता. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तरतूद झाली ३६ हजार कोटींची. स्वतःच्या खात्यात स्वतःचे पैसे येणं ही लाखो बायकांच्या आयुष्यातली पहिलीच गोष्ट आहे. मुलांची फी, औषधं, भिशीचा हप्ता यांसाठी कुणापुढे हात पसरावा लागत नाही, याचं मोल शहरात बसून कमी लेखू नये.

पण हा हक्क शासन निर्णयावर उभा आहे, कायद्यावर नाही. त्याला स्वतःचा कर नाही. म्हणून २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी या योजनेकडे वळवला गेला आणि त्यावरून मंत्रिमंडळातच नाराजी उघड झाली. एका गरिबाचा पैसा दुसऱ्या गरिबाला देण्याची वेळ अशी येते. शिवाय अडीच लाखांची मर्यादा इथे, आणि एकवीस हजारांची निराधार वृद्धेसाठी! एकाच राज्यात गरिबीच्या या दोन व्याख्यांचा मेळ कसा घालायचा?

केंद्राच्या पातळीवरही बदल झाला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. कामाचे दिवस शंभरावरून १२५ झाले. पण अकुशल मजुरीचा पूर्ण खर्च केंद्र उचलत होतं, त्याऐवजी बहुतेक राज्यांसाठी केंद्र-राज्य वाटा ६०:४० झाला; प्रत्येक राज्याची रक्कम केंद्र आधी ठरवणार आणि त्यापलीकडचा खर्च राज्याने करायचा; शेतीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामं थांबवता येणार. पागेंच्या योजनेचा प्राण हा होता की मागणी आधी आणि तरतूद तिच्यामागून. तो क्रम उलटला तर शंभराचे सव्वाशे दिवस कागदावरच राहण्याचा धोका आहे.

ऐपत आणि इच्छा

विकसनशील देशाला हे परवडत नाही, असं म्हटलं जातं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार श्रीमंत देश आरोग्य सोडून सामाजिक सुरक्षेवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सरासरी १६ टक्के खर्च करतात. सर्वांत गरीब देश एक टक्कासुद्धा नाही. दरी मोठी आहे, पण ऐपतीवरच सगळं ठरत नाही. आपल्याहून गरीब असलेल्या नेपाळने १९९४-९५ मध्ये ७५ वर्षांवरच्या प्रत्येक वृद्धाला दरमहा १०० नेपाळी रुपये द्यायला सुरुवात केली. दारिद्र्यरेषेची यादी नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. पुढे वयाची अट ६८ पर्यंत खाली आली आणि रक्कम ४,००० पर्यंत गेली, म्हणजे आपले २,५०० रुपये.

दूरही जायला नको. राजस्थानच्या विधानसभेने २०२३ मध्ये किमान हमी उत्पन्नाचा कायदा केला. त्यात सामाजिक पेन्शन किमान १,००० रुपये आणि त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ, पाच टक्के जुलैत आणि दहा टक्के जानेवारीत, असं लिहून टाकलं आहे. वाढ मागण्यासाठी दरवर्षी मोर्चा काढायचा नाही. वाढ थांबवायची असेल तर सरकारनेच विधानसभेत येऊन कारण द्यायचं.

महाराष्ट्रालाही हे करता येईल आणि करायला हवं. निराधार व श्रावणबाळ योजनांना कायद्याचा आधार द्यावा आणि रक्कम किंमत निर्देशांकाशी जोडावी. २१ हजारांची मर्यादा रद्द करून ती निदान किमान वेतनाशी बांधावी. रेशनचा इष्टांक दरवर्षीच्या अंदाजित लोकसंख्येवर ठरावा, जनगणनेची वाट पाहू नये. व्यवसाय कराची १९८८ ची मर्यादा उठवण्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा, आणि वाढीव रक्कम ज्या कारणासाठी हा कर जन्मला त्याच कारणासाठी राखून ठेवावी. जास्त पगार असणाऱ्याने थोडं जास्त द्यावं, यात अन्याय नाही. सत्तरच्या दशकात, आजच्यापेक्षा कितीतरी गरीब असलेल्या महाराष्ट्राने हे मान्य केलं होतं.

पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर नव्या योजनांची नावं आणि हजारो कोटींचे आकडे झळकतील. त्या दिवशी आपल्या आमदाराला एकच प्रश्न विचारू या: जुन्या योजनांतला कुठला आकडा यंदा जागचा हलला? पेन्शनचा, मर्यादेचा की इष्टांकाचा? उत्तर ‘एकही नाही’ असं आलं, तर गरिबांच्या पैशात कपात झाली आहे हे समजावं, आणि ते मोठ्याने बोलावं.